आहेर बंद झाल्यावर

जगातली यच्चयावत दारं नीट लागली आहेत की नाहीत हे पाहण्याचं काम माझ्या साडूंवर सोपवून देव निवांत झाला असावा, असं मला नेहमी वाटे. नांदेडला त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. आमच्या लातूरच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा सगळे पाहुणे पुढच्या दाराने आले आणि हे न्हाणीच्या खिडकीतून, खांद्याला चुना लावून, आत उतरले. बायको दचकलीच. "अहो दाजी, दार उघडंच हाय की!"

"दारातून पाव्हणे येतात, मेहुणीबाई. मी चोराची वाट बघून आलो. लई सोपी हाय." मग त्यांनी पिशवीतून आहेर काढला : एक पितळी कडी, चार स्क्रू आणि पेचकस. कडी खिडकीला बसवली तेव्हाच ते पानावर बसले.

हीच खोड त्यांनी कॉम्प्युटरवर नेली. फॉर्म भरता भरता वेबसाइटच्या ढिल्या कड्या त्यांना दिसत आणि ते त्या त्या कंपनीला कळवत. कंपन्या तेव्हा असं कळवणाऱ्याला बक्षीस देत. साडूंच्या वाट्याला बहुतेक कंपनीचं नाव छापलेले टी-शर्ट आले, तेही परदेशी मापाचे, गुडघ्याला टेकणारे. असाच एक घालून ते उदगीरच्या लग्नाला गेले. कुणीतरी विचारलं, "काय पाव्हणे, कंपनीत लागले काय?"

"न्हाई हो. त्यांच्या दाराला कडी नव्हती, मी सांगितलं. त्यांनी आहेर केला."

पुढे एकेक कंपनी ही योजना बंद करू लागली. एआयकडून लिहून घेतलेल्या खोट्या तक्रारींचा ढीग पडतो, असं कारण आलं. मला वाटलं, आता हे थांबतील. ते हसले. "साडूभाऊ, आजकाल पत्रिकेतच छापतात, आहेर देणे-घेणे बंद. म्हणून लग्नाला जायचं न्हाई का?"

शेवटच्या आजारात त्यांचे रक्ताचे रिपोर्ट एका लॅबकडून मोबाइलवर लिंकने येत. त्या लिंकमधला एक आकडा बदलला की दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट उघडतो, हे त्यांना पलंगावर पडल्या पडल्या समजलं. अर्धापूरच्या कुणा बाईंचं नाव समोर आलं, तसा त्यांनी मोबाइल पालथा ठेवला आणि हात जोडले. "माफ कर, माय." मग लॅबला पत्र लिहिलं. उत्तर आलं : बक्षीस योजना बंद आहे. त्यांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. चौथ्या पत्राच्या वेळी त्यांची बोटं चालेनात. ते सांगत गेले, मी टाइप केलं.

"आपली पत्रं कुणी वाचून राहिलं असंल का हो?" त्यांनी विचारलं. "आपलं दुखणं आपल्याला ठावं असावं. गावाला कशाला?"

"वाचत असतील," मी म्हणालो. मला ते खरं वाटत नव्हतं.

तेराव्याला साडूंच्या बायकोने त्यांचा मोबाइल माझ्या हातात दिला. आभाराचं पत्र कुठेच नव्हतं. मी त्यांच्या शेवटच्या रिपोर्टची लिंक उघडली, एक आकडा बदलला आणि डोळे अर्धे मिटून घेतले. पान उघडलं नाही. 'हा रिपोर्ट पाहण्याची आपल्याला परवानगी नाही', एवढी एकच ओळ. दुसरा आकडा घालून पाहिला. तीच ओळ.

"दार लागलं हो, साडूभाऊ," मी म्हणालो, आणि ते ठेवत तसा मोबाइल पालथा ठेवला.