पुढच्या रांगेतले उंदीर

काळेवाडीच्या प्रभावतीनं चाकणच्या कारखान्यांत फरशा पुसण्यात जन्म घालवला, आणि उतारवयात नोकरी लागली ती उंदरांची. निघोज्याजवळच्या एका औषधांच्या कंपनीत. घरात उंदीर दिसला की लाटणं फेकणारी ही बाई तिथं उंदरांना वेळेवर दाणापाणी करू लागली. बरं, उंदरांना एसी. हिच्या घरी पंखा, तोही कुरकुरणारा.

प्रयोग कातडीच्या कॅन्सरचा होता. पुढच्या रांगेतल्या उंदरांच्या कातडीत एक प्रोटीन कमी तयार व्हायचं, मागच्यांच्यात भरपूर. सगळ्यांच्या पाठी भादरून प्रयोग करणाऱ्या स्वरूपा मॅडम त्यांवर गाठी उठवणारं पिवळं रसायन लावायच्या. कुणाला गाठी जास्त येतात, एवढंच बघायचं.

पण कंपनी म्हटली की ऑडिट, म्हणजे बाहेरच्यांची तपासणी, आलीच. सुपरवायझर मारुतराव आदल्या दिवसापासून ओरडत फिरायचे, "काचेतून दिसतंय तेवढं तरी चकाचक ठेवा, बाई! एक डाग नको."

प्रभावतीला ही रीत जुनी. उंदरांच्या खोलीच्या काचेतून दिसायची ती पुढची रांग. मॅडम गेल्या की ती ओल्या फडक्यानं त्या उंदरांच्या पिवळ्या पाठी पुसून काढायची, तान्ह्या लेकरासारख्या. मागच्यांकडं कोण बघतंय? आणि ऑडिट तर सणांपेक्षा जास्त!

पुढच्या उंदरांना गाठी आल्याच नाहीत. प्रयोगावरचे मोठे सर हरखून गेले. "बघा, प्रोटीन कमी तर गाठी नाहीत! उद्या ऑडिटच्या लोकांना हेच सांगू. मग ते प्रोटीन कमी करणारं औषध काढू."

प्रभावती फडकं घेऊन तिथंच उभी होती. तिचं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं आणि घर तिच्यावर चालत होतं. पण असल्या पुसलेल्या उंदरांवरून माणसांना औषध द्यायचं?

"सर, प्रोटीनचं काय न्हाई त्यात. पाठी मी पुसल्यात."

"पाठी? कशासाठी?"

"ऑडिटला डाग दिसू नये म्हणून."

"अहो, मी फरशीचं म्हणत होतो!" मारुतराव किंचाळले. "सर, हिला आजच काढा."

सरांनी पुढचा एक उंदीर उचलून त्याची पाठ पाहिली. मग म्हणाले, "काढतो. पण पत्रात कारण काय लिहू, मारुतराव? तुमच्या ऑडिटसाठी उंदीर पुसले? उद्या तेच लोक ते वाचतील."

मारुतराव फरशी बघायला निघून गेले.

सरांनी शोध मागं घेतला आणि नवे उंदीर मागवले. प्रभावतीचं कंत्राटही वाढलं. का वाढलं, ते कुणी विचारलं नाही, म्हणून कुठं लिहिलंही नाही.