बिनपंक्चरचे पिरोगी

आर्णीत आमच्या शाळेसमोर पंक्चर काढणारे एक चाचा आहेत. सायकलवर देश पाहायला निघालेली पोलंडची एक बाई त्यांच्याकडे ट्यूब दाखवायला थांबली आणि जाताना त्यांना पिरोगी शिकवून गेली. पिरोगी म्हणजे बटाटा-पनीर भरून पाण्यात उकडलेली करंजीच.

तेव्हापासून दर शुक्रवारी चाचा दुकान बंद ठेवून पिरोगी करतात आणि मला घरी बोलावतात. काठ दाबताना ते श्वास रोखतात. मग पातेल्यावर असे वाकतात, जशी काही ट्यूबच पाण्यात बुडवली आहे.

"बुडबुडा नाही सर. जोड पक्का!"

"चाचा, पाणी उकळतंय. बुडबुडे येणारच."

"ते पान्याचे. पंक्चरचा बुडबुडा मले बराबर समजते."

परवा माझ्या ताटलीत सगळे अख्खे पिरोगी होते, वर तुपात परतलेला कांदा. चाचांच्या ताटलीत मात्र सगळे फुटलेले. त्यातला एक उचलायला मी हात पुढे केला, तर त्यांनी ताटलीच मागे ओढली.

"काहून सर? साऱ्या गावाचे पंक्चर मी काढून राह्यलो, अन् तुम्ही माह्याच घरून पंक्चर घेऊन जासान काय?"