परातीभोवतीचं गाव

करुणाताईंचं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा त्या आईच्या कडेवर होत्या. गाव त्यांना आठवत नाही, पण ऐकून सगळं माहीत आहे. लोणी देवकरच्या कारखान्यांतल्या कामगारांना त्या डबे पुरवतात. भाकऱ्या थापायला त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये धरणग्रस्तांच्या निरनिराळ्या वसाहतींतून त्याच गावच्या बायका यायच्या. सकाळी त्रिशरण म्हणून करुणाताई चुली पेटवायच्या, आणि परातीभोवती बुडालेल्या गावावरून भांडण सुरू व्हायचं.

"मशिदीच्या मागं चिंच व्हती," सत्तरीच्या केसरबाई म्हणायच्या.

"मागं न्हाय, म्होरं. माझी सासू सांगायची, ती तितंच बसायची," शाहीन म्हणायची.

"तुझी सासू काय, कुठंबी बसायची!"

सगळ्या हसायच्या. तव्यावरची भाकरी उलटता उलटता करुणाताईंना ती चिंच दिसायची.

मागच्या वर्षी, विस्थापितांच्या हाताला काम देणाऱ्या उद्योजकांसाठीची एक फेलोशिप त्यांना मिळाली. दर महिन्याला बारामतीत बैठक असते. तिथं मार्गदर्शन करणारी प्रतीक्षा गुणी मुलगी. ती म्हणाली, "ताई, बायकांना एवढं लांब कशाला आणता? पीठ घरी पोचवा, भाकऱ्या टेम्पो गोळा करील. त्यांची दगदग वाचेल, तुमच्या ऑर्डरी वाढतील."

बोलण्यात खोट नव्हती. करुणाताईंनी मान डोलावली. डबे वाढले, बायकांचीही सोय झाली. बैठकीत टाळ्या वाजल्या.

आता शेडमध्ये करुणाताई एकट्याच डबे भरतात. त्रिशरण म्हणताना आपलाच आवाज पत्र्यावरून परत येतो, म्हणून त्या मनातल्या मनातच म्हणतात. प्रतीक्षाजवळ एकदा बोलल्या, "बोलायला कुणी नाही गं तिथं." ती मायेनं म्हणाली, "ताई, रेडिओ लावा ना."

शेवटी एका सकाळी, बायकांना परत बोलवायचंच असं ठरवून, त्या पिठाच्या टेम्पोत बसल्या आणि केसरबाईंच्या दारात उतरल्या. सुनेनं लगबगीनं खुर्ची पुसली, कपबशीत चहा आणला. केसरबाई परातीवरून उठल्या नाहीत.

"काय मालकीणबाई, भाकरी कच्ची निघाली का काय?"

"न्हाय वो मावशी. सहज आले."

"सहज कोण येतंय टेम्पोत बसून! काय चुकलं असंल तर सांगा."

याच केसरबाई त्यांना 'ए करुणे' म्हणून हाक मारायच्या. करुणाताईंनी कपबशी खाली ठेवली. म्हातारीचा गुडघा सुजलेला, सून हाताशी, एसटीची वाट बघणं नाही. इथं तिचं बरं चाललं होतं. परत या, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

त्या खुर्चीवरून उठल्या आणि खाली परातीशी बसल्या.

"राहू द्या वो ताई, साडीला पीठ लागंल," सून म्हणाली.

केसरबाईंनी परात थोडी सरकवली. करुणाताईंनी पिठाचा गोळा ओढला. दोघी थापत राहिल्या. एकीचा हात थांबला की दुसरीचा तेवढा ऐकू यायचा. सून मान खाली घालून भाकऱ्या शेकत होती. टोपली भरली, बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

"मावशी, उद्याबी येऊ का?"

केसरबाईंनी हाताचं पीठ झाडलं.

"या की. तुमचंच पीठ हाय."