दाजींनी तळं धुतलं

माणसं भांडी धुतात, कपडे धुतात, आणि जमलं तर वाहत्या गंगेत हातही धुऊन घेतात. माझ्या दाजींनी तळं धुतलं. अख्खं तळं, या काठापासून त्या काठापर्यंत. त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या तळ्याने आम्हाला जे दाखवलं, ते आठवलं की अजून माझी जीभ टाळ्याला चिकटते. आणि माझी जीभ सहसा कशाला चिकटत नाही, हे आमच्या घरात कोणीही सांगेल.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उंच, काटक, आणि शिडीसारखे सरळ. झुकवायचे तर भिंत लागेल. तळ्याच्या काठावर त्यांचा वल्ह्याच्या होड्या भाड्याने देण्याचा धंदा. धक्क्याला लागून लाकडी घर. खाली होड्या आणि वल्ही, वर ताई आणि दाजी. तळं पसरलेलं ऐसपैस, पण खोली विचाराल तर कमरेएवढी, फार झालं तर छातीएवढी. नवं गिऱ्हाईक जरा बिचकलं की दाजी गंभीर चेहऱ्याने धीर द्यायचे, "बिनधास्त जा. या तळ्यात बुडायचं तर आधी खाली बसावं लागतं."

दाजींना स्वच्छतेचा आजार होता. छंद म्हणता येणार नाही, कारण छंदाने दुसऱ्याला त्रास होत नाही. होड्या ते दररोज साबणाने घासायचे. वल्ह्यांच्या मुठी पुसायचे, ज्या फडक्याने पुसल्या ते फडकं धुवायचे, आणि ज्या दोरीवर ते वाळत घालायचं ती दोरी पुसायचे. त्यांच्या घरी चहा पिताना मी कप खाली ठेवत नसे. ठेवला की गेला. माझा कितीतरी अर्धा अर्धा चहा त्यांच्या मोरीतून वाहून गेला आहे.

"यांच्या घरात मी अजून कशी टिकले, याचंच मला नवल वाटतं," ताई म्हणायची. "एखाद्या दिवशी झटकून बाहेर टाकतील."

"तुला कशाला टाकेन?" दाजी म्हणायचे. "तू कुठे धूळ धरतेस?"

त्यांच्या मुखातून निघालेलं सर्वांत प्रेमळ वाक्य हेच. ताईला ते पुरायचं.

ताईचे गुडघे वयाच्या आधीच कुरकुरायला लागले होते. डॉक्टरांनी सांगितलं, पोहा. बाकी औषधं आपली मनाच्या समाधानाला. जमिनीवर ताई जुन्या बैलगाडीसारखी चालायची, प्रत्येक पावलाला कुठेतरी काहीतरी करकरायचं. पण धक्क्याच्या पायऱ्या उतरून पाण्यात शिरली की तीच बाई अशी काही सुळकन निघायची, की काठावरची बदकं बाजूला व्हायची. रोज सकाळी ती पोहायची आणि दाजी टॉवेल घेऊन धक्क्यावर उभे राहायचे. बोलायचे नाहीत, हसायचेही नाहीत. फक्त ती जिकडे जाईल तिकडे त्यांची मान वळायची.

एका सकाळी ताई पाण्याबाहेर आली, तेव्हा तिच्या घोट्याला पाणगवताची लांबच लांब दोरी गुंडाळलेली होती.

"आज पायात अडकलं हो," ती म्हणाली. "क्षणभर दचकले." एवढं बोलून ती चहा ठेवायला वर गेली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

दाजी मात्र तळ्याकडे बघत राहिले. ज्या माणसाला टेबलावरचा एक डाग रात्रभर झोपू देत नाही, त्याला आज पहिल्यांदा कळलं होतं की आपण इतकी वर्षं एका प्रचंड अस्वच्छ वस्तूच्या काठावर राहतो आहोत.

त्यांनी एका होडीच्या मागे लोखंडी दाताळी बांधली आणि तळ नांगरायला घेतला. रोज होड्याच्या होड्या भरून गवत काढायचं आणि काठावर ओतायचं. काठावर हिरवे ढीग उभे राहिले. त्याच दिवसांत बाटलीबाई आल्या.

बाटलीबाईंबद्दल गैरसमज नको. त्या तळ्यांच्या तज्ज्ञ होत्या. दर ऋतूत येऊन निरनिराळ्या जागचं पाणी बाटल्यांत भरून तपासायला न्यायच्या, म्हणून त्यांना ते नाव पडलं होतं. त्यांनी ढीग पाहिले आणि जागच्या जागी थांबल्या.

"हे काय चाललंय?"

"साफसफाई," दाजी म्हणाले.

"गवत काढू नका. राहू द्या ते."

"बाई, तुमच्या घरात असं वाढलं तर राहू द्याल?"

"माझ्या घरात मासे राहत नाहीत," बाई म्हणाल्या. "अहो, त्या गवताच्या जिवावर हे पाणी नितळ आहे."

दाजी फक्त हसले. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती, साफ करणारी आणि कारणं सांगणारी. बाई कारणं सांगत होत्या. शिवाय त्यांच्या बुटांना चिखल होता, आणि चिखलाचे बूट घालणाऱ्या माणसाचा सल्ला दाजींनी आजवर कधी घेतला नव्हता.

जे दाताळ्यांना जमलं नाही ते त्यांनी माशांकडे सोपवलं. गवत्या नावाचा एक मासा असतो. नावाप्रमाणेच वागतो, गवत दिसलं की फस्त. दाजींनी त्याची पिल्लं आणून सोडली. हिवाळा येईपर्यंत तळ्यात औषधालाही काडी उरली नाही. तळाशी स्वच्छ वाळू आणि गाळ, वर गार पाणी. ताई त्या पाण्यात पोहली तेव्हा तिची सावली तिच्याबरोबर तळावरून पोहत गेली. मी त्या वेळी तिथेच होतो. मी दाजींची पाठ थोपटली आणि म्हटलं, "दाजी, तुम्ही तर देवाचं राहिलेलं काम पुरं केलंत." मूर्खाला असे मेहुणे मिळतातच.

मग उन्हाळा आला. हल्ली उन्हाळे येतात ते पाहुण्यांसारखे येत नाहीत, जप्ती घेऊन आल्यासारखे येतात. पाणी आटून धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या, आणि जे उरलं ते कोमट झालं. मी सुट्टीसाठी एका संध्याकाळी पोचलो. तेव्हा अंधार पडत होता, जोराचा वारा होता आणि तळं ढवळून निघत होतं, इतकंच दिसलं.

रात्रीत वारा पडला. सकाळी मी खिडकी उघडली आणि पुन्हा लावली. नंतर पुन्हा उघडली.

तळं हिरवं होतं. पाणी हिरवट दिसतं तसं नाही. दाराला लावायचा तेलरंग कोणी डबेच्या डबे ओतावा, तसं. सायीसारखा जाड थर काठाला येऊन लागला होता आणि लाटेबरोबर हलायचं सोडून नुसता लचकत होता. त्यात मासे पोट वर करून पडले होते. बदकांच्या पांढऱ्या छातीवर कोणी पट्टी धरून आखल्यासारखी हिरवी रेघ होती. वास असा, की मी खिडकीला हात लावला तर हातालाही तो लागेल असं वाटलं.

खाली धक्क्यावर ताई पोहायचे कपडे घालून पहिल्या पायरीवर उभी होती. तिच्या मागे टॉवेल घेऊन दाजी. मी धावत खाली गेलो आणि माझीसुद्धा जीभ टाळ्याला चिकटली. तिघं जण एका हिरव्या गोष्टीसमोर शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे होतो.

शेवटी दाजी वर गेले, काचेचा पेला घेऊन आले, पायऱ्या उतरले आणि पाणी भरून उजेडात धरलं. पेल्यात जणू पानांचा रस होता. दाजींनी खिशातलं फडकं काढलं आणि पेला बाहेरून पुसला. उजेडात धरला. पुन्हा पुसला. मी आयुष्यात पुष्कळ वाईट गोष्टी पाहिल्या आहेत, पण तो माणूस पेला बाहेरून पुसत होता आणि हिरवं आत होतं, हे मला बघवेना.

बाटलीबाई दुपारी आल्या. पहिलं वाक्य त्या ताईशी बोलल्या. "पाण्यात पाय घालू नका. हे शेवाळ विषारी असू शकतं."

"कधीपर्यंत?" ताईने विचारलं.

बाई वाकून बाटली भरू लागल्या, आणि ताईचा हात आपोआप गुडघ्यावर गेला.

"पण गवत तर सगळं काढलं होतं," दाजी म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या समजावून सांगत होत्या, आजारी माणसाच्या नातेवाइकांना सांगतात तसं. गवताच्या मुळांनी तळाचा गाळ धरून ठेवला होता. गवताच्या आडोशाला पिसवांएवढे जीव राहत होते, ते शेवाळ खाऊन पाणी गाळत होते. वरच्या शेतांतलं खत, वस्तीचं सांडपाणी, सगळं या तळ्यात येतं. त्यातला मोठा वाटा गवत पोटात घालत होतं. "तुम्ही जेवणाऱ्याला पानावरून उठवलंत. वाढणारे थांबले नाहीत. मग त्या पानावर शेवाळ येऊन बसलं."

"म्हणजे ही घाण मी केली."

"तुम्ही एकट्याने नाही. खत तुमचं नाही, हे उन्हाळेही तुमचे नाहीत. तळं कधीपासून कड्याच्या टोकावर उभं होतं." बाई थांबल्या. मग त्यांची नजर धक्क्यावरच्या साबणाच्या बादलीवर गेली. "साबण हेही शेवाळाचं खाद्यच. तेवढं मात्र तुमचं आहे."

दाजींनी बादलीकडे असं पाहिलं, जसं घरच्याच माणसाने चोरी केली असावी. मग त्यांनी खांदे सरळ केले. "ठीक आहे. चुकलं. आता एक काडी काढणार नाही. मग येईल ना पुन्हा?"

"नाही येणार."

"नाही म्हणजे?"

"आपण थांबलो म्हणून तळं मागे फिरत नाही. गवत उगवायला तळापर्यंत उजेड पोचला पाहिजे. उजेड पोचायला पाणी नितळ पाहिजे. आणि पाणी नितळ राहायला..."

"गवत पाहिजे," ताई म्हणाली.

"लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही," मी म्हटलं. सवयीने तोंडातून गेलं. कोणी हसलं नाही. मीसुद्धा नाही.

त्यानंतर मी गेलो तो थंडीत. ताई जिना आडवी होऊन उतरत होती, एका हाताने कठडा धरून, खेकड्यासारखी. "बघ, नवी चाल शिकले," ती म्हणाली, आणि अर्ध्या जिन्यावर बसली. पण मला खरा धक्का वर बसला. टेबलावर धूळ होती. मी बोटाने रेघ ओढली. दाजी समोर बसले होते, त्यांनी रेघ पाहिली आणि खिशातल्या फडक्याला हातही लावला नाही.

"अहो, जरा फडकं तरी मारा," ताई दारातून म्हणाली.

"कशाला? मी पुसलं की बिघडतं."

ताईने स्वतःच बाटलीबाईंना फोन लावला. तिची बाजू तेवढी आम्हाला ऐकू येत होती. "अख्ख्या तळ्याचं नका सांगू, मला तेवढं आयुष्य नाही. एक कोपरा करता येईल का? ... जाळी? ... बरं. हे करतील. ... नाही, नाही, विचारायचं काय त्यात, रिकामेच बसलेत."

गवत्या आणि तळाचा गाळ उकरणारे मासे आत येऊ नयेत म्हणून धक्क्याजवळ बारीक जाळी ठोकून एक कोपरा वेगळा केला. आतले मासे वेचून बाहेर काढले. बाटलीबाईंनी दुसऱ्या एका तळ्यातून बादल्या भरून पाणगवत आणलं. आणि ज्या माणसाने ते उपटण्यात एक अख्खा मोसम घालवला होता, तो लांब बूट आणि रबरी हातमोजे घालून चिखलात गुडघे टेकून एकेक रोप लावू लागला.

"अहो, सरळ रांगेत कशाला लावताय?" बाईंनी काठावरून विचारलं.

"मग कसं लावतात?"

"कसंही."

"कसंही मला जमत नाही, बाई."

पहिली लावणी सडली. दुसरी बदकांनी खाल्ली, तेव्हा दाजींनी वरूनही जाळी घातली. मी कधीकधी मदतीला जायचो, म्हणजे काठावर उभा राहून बोलायचो. "दाजी, यापेक्षा भाजी लावली असती तर आतापर्यंत खाल्ली असती."

"मेहुणे," दाजी वाकलेलेच म्हणाले, "एक तर आत या, नाहीतर तोंडाला जाळी घाला."

तिसरी लावणी धरली. त्याच्या पुढच्या वर्षी, वसंतात, कोपऱ्यातलं पाणी आधी हिरव्याचं फिकट झालं, मग पिवळसर झालं, आणि एका सकाळी दाजींना त्यात स्वतःचे बूट दिसले. ते बराच वेळ आपल्या बुटांकडे बघत उभे होते, असं ताईने मला कळवलं. जाळीच्या पलीकडे तळं तसंच होतं, हिरवं आणि मुकाट. बाई म्हणतात, वरचं सांडपाणी थांबलं तर कदाचित, कधीतरी. "कदाचित" हा शब्द त्या फार जपून वापरतात.

मी गेलो त्या दिवशी बाईंनी पाणी तपासून हो म्हटलं, दाजींनी वरची जाळी काढली आणि ताई पहिल्यांदा आत उतरली. पोहण्याएवढी जागा नव्हती. एखाद्या खोलीएवढा तो कोपरा. ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि जाळीला धरून हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागली. पाणगवत तिच्या पोटऱ्यांना लागत होतं. चेहरा दुखल्यासारखा होता आणि सुटल्यासारखाही.

तेवढ्यात एक हौशी जोडपं होडी मागायला आलं. त्यांना हिरव्या पाण्यात जायचं नव्हतं, याच कोपऱ्यात फोटो काढायचे होते. गृहस्थांनी वाकून आत पाहिलं. "केवढं गवत माजलंय हो इथे. काढून का नाही टाकत? छान स्वच्छ दिसेल."

दाजींच्या खांद्यावर टॉवेल होता. त्यांनी तो एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"होडी आज मिळणार नाही," ते म्हणाले. "आणि त्या गवताला हात लावू नका. माझी बायको त्याच्या आधाराने उभी आहे."