पाठमोरे सर

फ्री थ्रोची शिट्टी झाली की आमचे सर कोर्टकडे पाठ फिरवायचे. आमचा खेळाडू रेषेवर, दोन्ही संघ श्वास रोखून उभे, आणि कोच मात्र हात मागे बांधून कंपाउंडच्या भिंतीवरची टायपिंग क्लासची जाहिरात वाचतायत! त्यांचं खरं आडनाव फक्त मस्टरवर होतं. कॉलेजभर ते 'पाठमोरे सर'. बॉल गेला की नाही, ते आवाजावरून ओळखायचे. आमच्या रिंगला जाळी नव्हती, त्यामुळे नीट गेलेल्या बॉलचा आवाजच होत नसे. "काय ऐकू आलं न्हाय म्हंजे गेला," असं त्यांचं शास्त्र. माझ्या पहिल्या आणि शेवटच्या सीझनला त्यांना फार काही ऐकू येत होतं.

कोल्हापुरात बास्केटबॉल खेळणं म्हणजे लग्नाच्या जेवणाला जाऊन उपास धरणं. इथं पोरगं चालायला लागलं की पेठेतलं कुणीतरी त्याच्या पायात फुटबॉल ढकलतं. बास्केटबॉलला यायची ती फुटबॉलमधून गाळलेली पोरं. मी तर पेठेच्या बी टीममधूनही गाळलेला. उंची सहा फूट दोन इंच, आणि बॉल डोक्यावर आला की डोळे मिटणार. सरांनी मला कॅन्टीनच्या दारात वाकून आत शिरताना पाहिलं.

"डोकं लागतंय व्हय दाराला?"

"लागतंय की सर."

"मग उद्या सकाळी साडेसहाला कोर्टवर ये."

एवढीच माझी निवड चाचणी.

साडेसहाला गेलो तर सर स्वतः खराटा घेऊन कोर्ट झाडत होते. सिमेंटचं कोर्ट, एका बाजूला भेग, आणि त्या भेगेत उगवलेलं गवत ते बोटांनी उपटत बसायचे. माझा रोग त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखला. बॉल खाली दिसला की माझा उजवा पाय आपोआप पुढे जायचा. बास्केटबॉलमध्ये जाणूनबुजून पायाने बॉल अडवला की शिट्टी, आणि बॉल समोरच्यांचा. सरांनी आधी समजावलं, मग ओरडले, शेवटी घरून एक जुनी बाथरूम स्लीपर आणली. म्हणाले, "उजव्या पायात ही घालून खेळ. पाय उचललास की स्लीपर उडंल, आणि आणायला तूच पळशील." महिनाभर मी एका पायात बूट आणि एका पायात निळी स्लीपर घालून सराव केला. मुली गॅलरीतून बघायच्या. एकदा ती स्लीपर उडून थेट प्राचार्यांच्या गाडीच्या टपावर पडली. मी माफी मागायला निघालो तर सरांनी दंड धरला. "माफी म्या मागतो. तू रीबाउंड घे."

प्राचार्यांना गाडीवरून आठवलं असावं. पुढच्याच आठवड्यात सरांना बोलावून सांगितलं, की स्टाफच्या गाड्यांना शेड बांधायची आहे आणि जागा कोर्टचीच सोयीची आहे. या सीझनला एक तरी मॅच जिंका, नाही तर कोर्टही नाही आणि कोचही नाही. सर कंत्राटावर होते, नऊ वर्षं. बाहेर येऊन त्यांनी आम्हाला एक बोट दाखवलं. "एकच मागितलीया रं. एक मॅच. तेवढी पदरात टाका."

आम्ही पहिली हरलो, दुसरी हरलो, तिसरीला तर वेळेआधी पोचून हरलो. प्रत्येक वेळी सर समोरच्या टीमशी हस्तांदोलन करायचे, अगदी त्यांच्या पाण्याच्या बाटल्या धरणाऱ्याशीसुद्धा. मग आमच्याकडे येऊन म्हणायचे, "बरं झालं. आता पुढची सोपी वाटंल." पाचवीनंतर ते हस्तांदोलन करून सरळ टेम्पोत जाऊन बसले. परतताना टेम्पोत मी धीर करून विचारलं, "सर, फ्री थ्रोला तुम्ही बघत का न्हाई?"

त्यांनी मान बाहेरच्या उसाकडे वळवली. मग म्हणाले, "चुकला की पोरगं पहिलं कोचच्या तोंडाकडं बघतंय. माझं तोंड पडल्यालं त्याला दिसू नये. पाठीला काय तोंड असतंय व्हय मर्दा?"

सहावी मॅच शेवटची, दुसऱ्या कॉलेजच्या कोर्टवर. समोरची टीमही आमच्यासारखीच गाळीव होती, त्यामुळे मॅच अटीतटीची झाली. बारा सेकंद उरले होते, आम्ही एका गुणाने मागे, आणि मला दोन फ्री थ्रो. सर वळले. पहिला गेला. दुसराही गेला. तिथल्या रिंगला जाळी होती, तिचा सळसळ आवाज झाला, आणि सरांचे मागे बांधलेले हात एकदम सुटले आणि ते कोर्टकडे वळले.

एका गुणाने पुढे! समोरच्यांनी घाईने पास टाकला, तो त्यांच्याच पोराच्या बोटांना लागून सुटला आणि घरंगळत रेषेबाहेर निघाला. चार सेकंद. मी नुसता उभा राहिलो असतो तरी बॉल आमचाच होता. कंबरेवर हात ठेवून, जांभई देत उभा राहिलो असतो तरी!

बॉल माझ्याकडे आला, आणि मी तो उजव्या पायाच्या तळव्याखाली अलगद दाबला. इतका सुंदर, की पेठेच्या बी टीमने परत बोलावलं असतं. शिट्टी झाली. बॉल त्यांना. तीन सेकंदांनी त्यांचं बास्केट.

मी सरांकडे पाहिलं. या वेळी त्यांची पाठ नव्हती. वळायला वेळच मिळाला नव्हता. त्यांचं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा तसं पाहिलं. त्याचं वर्णन करणार नाही. त्यांनी सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "स्टॉपिंग भारी हुतं." टोमणा नव्हता. शोधून शोधून त्यांना माझ्यात तेवढंच चांगलं सापडलं होतं.

परीक्षा संपायच्या आत शेड उभी राहिली. सर निरोप न घेताच गावाकडे गेले. रिंग काढायची तेवढी राहिली. तिच्याखाली आता प्राचार्यांची गाडी असते.

मी आता कागलच्या एमआयडीसीत नोकरी करतो. गेल्या वर्षी कामासाठी गडहिंग्लजला गेलो होतो. बाजारात एका बियाण्याच्या दुकानात एक माणूस पोती रचत होता. हात मागे बांधून रास बघायला तो थांबला, आणि मी ओळखलं. पाठ मी कशी विसरेन?

दहा पावलांवर होते. 'सर, चुकलं' एवढंच म्हणायचं होतं. पाठ माझ्याकडे होती, म्हणजे सोपं होतं; त्यांचं तोंडही दिसणार नव्हतं. फ्री थ्रोला पाच सेकंद मिळतात. मी माझी एसटी चुकेपर्यंत उभा राहिलो. मग पुढची पकडून घरी आलो.

त्यांना काहीच ऐकू आलं नाही.