साडेनव्याण्णव टक्क्यांची देवयानी टीचर

देवयानी टीचर म्हणजे कॉलेजात शिकलेली बाई नव्हे. दिवसभर काथ्याच्या शेडमध्ये बायकांच्या रांगेत बसून नारळाची कुजवलेली सोडणं बडवायची आणि दिवस मावळला की त्याच शेडमध्ये त्याच बायकांना अक्षरं शिकवायची. केरळात तेव्हा साक्षरतेची मोहीम जोरात होती. मी पंचायतीचे बोर्ड रंगवायचो आणि या बाईने माझा जेवढा रंग फुकट घालवला तेवढा कुणी घालवला नाही.

वर्षभरात वॉर्डातल्या दोनशे निरक्षरांपैकी एकशे नव्याण्णव जण लिहू-वाचू लागले. राहिली एकटी चिरुताम्मा. सत्तरीची, फटकळ. एकदाच वर्गात आली आणि अर्ध्या तासात पाटी आपटून निघून गेली. म्हणाली, "यमाच्या दारात सही लागत नाही."

पंचायतीचे सेक्रेटरी कुट्टन पिल्ला मला म्हणाले, "साडेनव्याण्णव टक्के झाले. अर्धा आला की पुढचा पूर्ण धरायचा, शाळेतलाच नियम आहे. लिही शंभर." मी रस्त्याकडेच्या बोर्डावर लाल रंगात टपोरे शंभर लिहिले.

देवयानी ओल्या हातांनीच धावत आली. मला ती चेट्टा, म्हणजे दादा, म्हणायची. "प्रभाकरन चेट्टा, पुसा ते."

"का गं? अजून वाळलंही नाही."

"म्हणूनच पुसा. शंभर झाले की उद्या वर्ग बंद. पाट्या परत, कंदील परत. मग चिरुताम्माला कोण शिकवणार, तुम्ही?"

सेक्रेटरी वैतागले. "बरं, मग अर्धा सोडून दे. नव्याण्णव लिही." मी नव्याण्णव लिहिले.

दुसऱ्या दिवशी भार्गवी नावाची सोडणं बडवणारी बाई कमरेवर हात ठेवून बोर्डासमोर उभी. "टीचर, दोनशेचे नव्याण्णव टक्के म्हणजे एकशे अठ्ठ्याण्णव. तुम्हीच शिकवलंत. मग आमच्यातली कुठली परत अडाणी झाली? मी का?"

टीचरला एवढा आनंद झाला की तिने भार्गवीचे गालच ओढले. मग मला म्हणाली, "टक्के नकोतच. माणसं लिहा." मी कपाळावर हात मारून लिहिलं: शिकले 199, राहिले 1.

नवीन वाचायला लागलेली माणसं दिसेल ते वाचतात. येणारा-जाणारा थांबून बोर्ड मोठ्याने वाचायचा. दोन दिवस हे ऐकून तिसऱ्या संध्याकाळी चिरुताम्मा माझ्या अंगावर आली.

"त्यात मी कुठली?"

मी एकचा आकडा दाखवला.

"हा दांडा? एकटाच? पूस मला."

"टीचर सांगेल तेव्हा पुसतो."

टीचर तिथेच होती. चिरुताम्मा पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. पन्नास वर्षं सोडणं बडवायची मोगरी धरून वाकलेली बोटं तिच्यापुढे धरली. "पेन्सिल निसटते गं मुली. सगळ्यांसमोर किती वेळा उचलू?"

वर्षभर आम्ही तिला हट्टी म्हणत होतो. मला माझीच लाज वाटली. मी हातातला जाड ब्रश तिच्यापुढे केला. तिने तो मोगरीसारखा मुठीत धरला. निसटला नाही.

पुढचे अठरा दिवस ती माझ्या जुन्या पत्र्यांवर कोंबडीएवढी अक्षरं काढत होती. टीचर तिच्या शेजारी बसून दोघींचे हात, लुगडी आणि माझा उरलासुरला रंग खराब करत होती. मी कुरकुरायचो, पण रोज नवा डबा उघडून द्यायचो. साक्षरतेच्या परीक्षेला चिरुताम्माचं नाव एका कागदावर मावेना. तपासणारे मास्तर हसले आणि त्यांनी दुसरा कागद दिला.

परीक्षेहून ती सरळ बोर्डापाशी आली. सेक्रेटरी, टीचर, भार्गवी, सगळा वॉर्ड मागे. तिने फडक्याने तो दांडा पुसला आणि त्याच्या जागी एक भलामोठा गोल काढला. रंग खाली ओघळला.

मी म्हटलं, "अम्मा, शिकले तिथे आता दोनशे लिहायला हवेत."

"ते तू लिही. तुझं काम आहे."

मग दोन पावलं मागे सरून तिने एकेका अक्षरावर बोट नाचवत, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "राहिलं... कुणी नाही."

देवयानी टीचर तिथेच, भर रस्त्यात, मटकन बसली आणि पोरीसारखी रडता रडता हसत सुटली.