ह्यांच्या आवडीचं ताट

परवा आमच्या ह्यांचा चाळिसावा झाला, इथंच नाशिकरोडच्या घरी. गेलेल्या माणसाच्या आवडीचं जेवण फातेह्याला, म्हणजे त्याच्यासाठी दुआ मागताना ठेवायचं, अशी आमच्यात रीत आहे. त्या रीतीनंच माझा जळफळाट केला...

हे टांगा हाकायचे. स्टेशनवरून गोऱ्या साहेबांना देवळाली कॅम्पात सोडायचं आणि येताना नातेवाइकांच्या दारात थांबायचं, हा रोजचा शिरस्ता. कुणाचं पोर दवाखान्यात न्यायचंय, कुणाच्या सासूला गाडीवर पोचवायचंय... नाही म्हणणं ह्यांना ठाऊकच नव्हतं. जातील तिथं ह्यांच्यासाठी पान वाढलेलं असायचं.

सकाळपासून बायका डबे घेऊन यायला लागल्या. धाकट्या नणंदेनं खिमा आणला, "भाईजानना माझ्याच हातचा लागायचा." शेजारच्या सरूवहिनींनी वांग्याचं भरीत आणलं. थोरल्या नणंदेनं, हमीदाआपांनी, तर पातेलंभर जर्दा, म्हणजे केशरी गोड भात आणला. म्हणाल्या, "करीम ह्याच्यावर जीव टाकायचा."

एकेक झाकण उघडत होतं आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मी इतकी वर्षं रोज रांधलं, पण "आज छान झालंय" असं ह्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. बायको मी, आणि ह्यांना काय आवडायचं ते गावाला ठाऊक, मला नाही!

शेवटी रोजचाच दालचा केला होता... तुरीची डाळ, दुधी, मटणाचे चार तुकडे. एवढ्या थाटामाटात तो फारच गरीब दिसायला लागला. मी दालच्याचं ताट भिंतीकडे सरकवलं.

आपा जर्दा मधोमध मांडत होत्या. माझ्यानं राहवलं नाही. "एवढं तुमच्याकडंच जेवायचे, तर घरी यायचेच कशाला?" बोलून गेले आणि जीभ चावली.

आता आपा तोंड सोडणार, असं मला वाटलं. पण त्या पदरानं हात पुसत म्हणाल्या,

"जेवायचा कुठं गं? दोन घास घ्यायचा, तारीफ करायचा अन् उठायचा. मी लय आग्रह करायची. तर म्हणायचा, 'आपा, भूक घरी न्यायची हाय. मी पोट भरून गेलो का ती दालचा झाकून ठेवते अन् सोता पण जेवत नाय.'"

"आमच्याकडं पण तसंच," सरूवहिनी हळूच म्हणाल्या. धाकट्या नणंदेनं डोळ्यांना पदर लावला.

आपांनी आपला जर्दा बाजूला केला आणि माझं ताट पुढं ठेवलं. बाहेरून मौलवीसाहेबांचा आवाज आला. पुढचं मला नीट आठवत नाही... मी रडत होते.

खरं सांगू? अजून जळतेच मी. एवढं गोड वाक्य आपांना सांगितलं, ते मला सांगायला काय झालं होतं ह्यांना?

काल परत दालचा केला. धाकट्या नणंदेनं वाटीभर मागितला, तर मी चक्क नाही म्हणाले. अल्लाचे उपकार मानते... माणूस सगळ्यांचा होता, पण त्याची भूक माझ्या एकटीची होती.